चांदमारीतला नारळ

एकाहत्तरच्या लढाईला काही वर्षे झाली होती. मी मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट, पोस्टिंग नागपूरजवळच्या लष्करी रुग्णालयात. माहेर नागपुरातल्याच महाल भागातले, त्यामुळे रविवारी आईच्या हातचे जेवून परत यायचे. लढाई मी फक्त वॉर्डातून पाहिलेली. पण चालणे असे, की अख्खी छावणी माझ्याच भरवशावर उभी आहे. कडक इस्त्री, खांद्यावर दोन स्टार आणि डोक्यात भुसा.

त्या हिवाळ्यात ॲम्ब्युलन्ससह माझी ड्यूटी बॉम्ब डिस्पोजलच्या एका तुकडीबरोबर लागली. शहराबाहेर इंग्रजांच्या वेळची चांदमारी होती, तोफांच्या सरावाचे माळरान. तिथे आता वसाहत होणार होती. पाया खोदताना एक जिवंत गोळा निघाला आणि काम बंद पडले. सरावात न फुटता जमिनीत रुतलेले असे गोळे आणखी किती, कुठे, कोणालाच ठाऊक नव्हते.

सकाळी सहाला फॉल-इन. जवान एका ओळीत डिटेक्टर घेऊन जमीन तपासत. गोळा सापडला की माती अलगद काढायची, अंगाला खुणेचा लाल रंग लावायचा, भोवती पांढरी फीत बांधायची. हलवता येईल तो उचलून न्यायचा. बाकीचे शनिवारी, मजूर बाजाराला गेले की, जागेवरच उडवायचे. माझे काम ॲम्ब्युलन्सजवळ बसून राहण्याचे. रिकाम्या माणसाला संशय फार सुचतात.

तशी तिथे कोणाचाच कोणावर भरवसा नव्हता. मजुरांना वाटे, फौज भोसल्यांचे गुप्तधन उकरते आहे. ठेकेदाराला वाटे, जमीन परत घेण्याचा हा डाव आहे. माझी खात्री होती की ठेकेदार गोळ्यांचे पितळ चोरून भंगारात विकतो. मी तुकडीच्या कॅप्टनसाहेबांची दुर्बीण मागून घेतली आणि त्याच्या शेडवर रोखून बसले. इतक्या हेरगिरीतून एवढेच कळले की तो दुपारी बनियनवर झोपतो.

हवालदार मेश्राम पारशिवनीकडचे. तुकडीतले सर्वात जुने. एका दुपारी माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"कोणाची हजेरी घेऊन राहिल्या, मॅडम?"

"तुम्हाला कोणाचाच संशय येत नाही का, हवालदार?"

"येते ना. जमिनीचा. माणसाईचा धरला तं झोप नाही लागणार."

शुक्रवारी सकाळी नाल्याकडच्या गोळ्यापाशी हळद-कुंकू पडलेले दिसले. शेजारी करवंटीचे तुकडे. मी चिमट्याने एक तुकडा उचलून ट्रेमध्ये ठेवला आणि गंभीरपणे म्हटले, "पुरावा."

"चटणीपुरतंही खोबरं नाही त्याच्यात," मेश्राम म्हणाले. मग ते पालथे पडून गोळा पाहू लागले आणि त्यांचे हसू गेले. टोकावरचा लाल रंग टवके उडून निघाला होता.

"नारळ याच्यावरच फोडला कोणीतरी. फ्यूजवर, फुटायच्या खटक्यावर." ते उठले. "आपण लाल रंग लावून राहिलो, मॅडम. लोकाईले शेंदूर दिसून राहिला."

आम्ही कॅप्टनसाहेबांना सांगायला ॲम्ब्युलन्सकडे निघालो. मागे वळून पाहिले तर नाल्यातून शेवंता वर येत होती. साइटवर माती वाहणारी बाई, पोट पुढे आलेले. फीत ओलांडून ती गोळ्यासमोर बसली. तिने नारळ डोक्याच्या वर धरला. मी ओरडायला तोंड उघडले.

"आवाज नका करू," मेश्राम म्हणाले. "दचकली तं हात खाली येईल."

त्यांनी बूट काढले आणि हात जोडून अनवाणी चालत गेले.

"थांब वं माय. दर्शन घेऊ दे."

नारळ तसाच वर. "फौजीले काहून पायजे दर्शन? तुम्ही तं देव उकरून नेता म्हणे."

"नेला का? दोरी बांधून ठेवला ना? आधीचे नारळ कोणी फोडले?"

"म्याच फोडले, दोन. पहिली दोन लेकरं पोटातच गेली. हे टिकू दे म्हणून."

"मग आजचा मान मले दे. जमिनीतून वर कोणी काढला याले? मी."

शेवंताने त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांच्या उघड्या पायांकडे. बराच वेळ पाहिले.  शेवटी तिने नारळ त्यांच्या हातात दिला.

"चल, प्रसाद गाडीपाशी वाटू," म्हणत त्यांनी तिला फितीबाहेर आणले. जीपच्या बंपरवर नारळ फोडला. अर्धा तिला दिला आणि मग तो देव कशाचा आहे ते सांगितले. तिने पदर पोटावर ओढून घेतला.

ती गेल्यावर मी विचारले, "मेश्राम, तुम्ही आणि नारळ?"

"छप्पनमध्ये दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरी नारळ फुटला नाही, मॅडम." ते बूट घालत होते. "माह्या बापाले सांगू नका."

दोनदा मार खाल्लेल्या फ्यूजचा भरवसा नव्हता. कॅप्टनसाहेबांनी शनिवारची वाट न पाहता त्याच सकाळी गोळा उडवायचे ठरवले. झोपड्या रिकाम्या केल्या. नियमाप्रमाणे स्फोटके लावायला एकच माणूस जातो. मेश्राम गेले. आम्ही वाळूच्या पोत्यांमागे, रेडिओ कॅप्टनसाहेबांच्या हातात.

"पोचलो. सगळे लांब झाले का? ओव्हर."

"सगळे लांब. ओव्हर."

"मॅडम? दुर्बिणीसकट? ओव्हर."

"दुर्बिणीसकट. ओव्हर."

"ठीक. काम सुरू करतो. आऊट."

स्फोटके लावून होण्याआधीच गोळा फुटला. मी बॅग घेऊन धावले. बॅग उघडावी लागली नाही.

पार्थिवाबरोबर मी पारशिवनीकडे गेले. त्यांच्या वडिलांनी विचारले, शेवटी काय करत होता? मी म्हटले, एका बाईचा जीव वाचवला. कसा, ते सांगितले नाही.

शेवंताला मुलगी झाली. वसाहत बांधून झाली. नाल्याच्या कोपऱ्यावर शेवंताने एक दगड मांडला. लोक आता त्याला देव म्हणतात. मेश्रामांना कळले असते तर त्यांनी शेवंताला आणि मला ओळीत उभे करून झापले असते. पण त्या दगडाचा एक नियम आहे, तिनेच घालून दिलेला. त्याला शेंदूर लावत नाहीत आणि नारळ तिथे फोडत नाहीत. लांब, रस्त्यावर जाऊन फोडतात.

मी दर हिवाळ्यात जाते. मागच्या खेपेला एका तरुण सूनबाईने विचारले, "आजी, देव इथं अन् नारळ तिथं, असं काहून वं?"

"त्यानेच सांगितलंय," मी म्हटले. "सगळे लांब व्हा."

मग ती गेल्यावर दगडापाशी उभी राहिले. हवालदार मेश्राम, तुमच्या वडिलांना मी शेवटपर्यंत सांगितले नाही.