यादीकाका आणि मेपल स्ट्रीट

बेल वाजवल्यावर यादीकाका मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजत. आत कुत्रं भुंकत असो, नाहीतर पडद्याआडून कुणी 'नको' म्हणून हात हलवलेला असो, तीस झाल्याशिवाय हा माणूस पायरी उतरत नसे. थंडीने माझी बोटं बधिर व्हायची. मी म्हणायची, "काका, ते नाही उघडणार." ते शांतपणे म्हणायचे, "अगं, एकवीसच झालेत."

त्यांचं खरं नाव गोविंदराव. मूळचे नागपूरचे, आणि इंडियानातल्या आमच्या गावात इंजिनांच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याला सीनियर. नागरिकत्व मिळालं त्या आठवड्यात त्यांनी मतदारयाद्या बगलेत मारल्या त्या मारल्याच, म्हणून मराठी मंडळींत ते यादीकाका. मी नुकती लग्न होऊन आलेली. मला मतदानाचा हक्क नव्हता आणि गाडीही धड चालवता येत नव्हती. "चल सुधा, ड्रायव्हिंगची प्रॅक्टिस होईल," असं म्हणून त्यांनी मला प्रचारात ओढलं.

आमचं राज्य हत्तीचं, म्हणजे हत्ती चिन्हाच्या रिपब्लिकन पक्षाचं. काका गाढववाले, म्हणजे डेमोक्रॅट. शनिवारच्या जेवणांत डॉक्टर मंडळी त्यांना छेडायची, "काका, कशाला घसा कोरडा करता? इथलं सगळं ठरलेलंय." काका म्हणत, "प्रेसिडेंटच्या वर्षी ठरलेलं असेल. मधल्या वर्षी लोक चिडलेले असतात, यार. कल टीव्हीवर नाही दिसत, दारात दिसतो." मग यादी उघडत. हिरवी खूण म्हणजे आपला, लाल म्हणजे त्यांचा, पेन्सिलीचं टिंब म्हणजे अजून ठरायचंय.

या शास्त्रात एक भलंमोठं भोक होतं. त्या वर्षी दिवाळी आणि मतदान लागूनच आले होते. काकूंनी केलेला चिवडा काका घरोघरी घेऊन जात, आणि ज्याने दुसऱ्यांदा हात घातला त्याला बेधडक हिरवी खूण करत. "अहो, चिवडा आवडला म्हणजे उमेदवार आवडला का?" मी वैतागून विचारायची. "आपल्या घरचं मागून खाणारा माणूस आपलाच," काका म्हणायचे. पन्नाशीच्या इंजिनियरचं हे गणित!

त्यांच्या उमेदवार मार्गारेटबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. समोर दोन वेळा निवडून आलेले खासदार. पण शेतीचे दिवस वाईट होते, कारखान्यातून माणसं कमी केली होती, आणि ऑक्टोबरात पहिल्यांदाच पेपरवाले म्हणू लागले की ही जागा अटीतटीची आहे.

नेमका तेव्हाच आईंचा प्रश्न निघाला. काकांची आई नागपुरात एकटी होती, डोळ्यांनी अधू झालेली. दोन वर्षं तिचा व्हिसा अडला होता, कारण ती काकांची आई आहे असं सांगणारा कागदच नव्हता. आपल्याकडे मुलाच्या नावामागे बापाचं नाव लागतं. काकांच्या शाळेच्या दाखल्यापासून पदवीपर्यंत आईचं नाव कुठेच नव्हतं. शेवटी काकूंनी, काकांना न सांगता, खासदारांच्या ऑफिसला अर्ज केला. तिथली एक बाई हात धुऊन त्या कामामागे लागली. शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं मागवली, वकिलातीला पत्रांवर पत्रं धाडली. मग तिचा फोन आला, तो नेमका काकांनी उचलला: खासदार स्वतः सही करताहेत, नव्या वर्षात काम होईल.

नव्या वर्षात, म्हणजे ते निवडून आले तर. नाहीतर ऑफिस बंद, आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून.

काका दुसऱ्याच दिवशी तिथे गेले आणि त्या बाईला म्हणाले, "मी तुमच्या साहेबांच्या विरोधात काम करतो. तुम्हाला माहीत असलेलं बरं." ती म्हणाली, "सर, आमच्या फॉर्मवर तो रकाना नाही." हे मला काकांनीच सांगितलं. तिने अपमान केला असता तर त्यांना फार सोपं गेलं असतं.

पुढचे दहा दिवस त्या घरात पाऊल टाकायला मला भीती वाटायची. काकू चिवडा करायच्या थांबल्या. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "सासूबाई तिकडे भिंतीला धरून चालताहेत, आणि तुम्ही त्याच माणसाला पाडायला निघालात." काकांनी हातातला घास ताटात ठेवला, बूट घातले आणि मला म्हणाले, "चल."

मतदानाच्या आदल्या दुपारी फक्त मेपल स्ट्रीट उरला होता. आठ घरं, आठही पेन्सिलीची टिंबं. मी गाडी लावली. काका उतरले नाहीत. मांडीवरच्या यादीकडे बघत बसले. पाऊस भुरभुरत होता. एका खिडकीतून एक म्हातारी आमच्याकडे पाहत होती.

"काका, आठच घरं आहेत."

"दिसतंय मला." त्यांनी यादी मिटली. मग म्हणाले, "घरी घे गाडी."

मी गाडी वळवली. वळताना फुटपाथला चाक घासलं. एरवी ते ओरडले असते.

मार्गारेटबाई पडल्या. आठ घरांनी भरून निघेल असा तो फरक नव्हता, चांगला शेकड्यांत होता. डॉक्टर मंडळी म्हणाली, सांगितलं होतं ना, राज्याचा कलच तसा. मीही समजूत घालायला गेले. "हिशेब मला नको शिकवू," काका म्हणाले, "मी घरं सोडली." त्या रविवारी ते मार्गारेटबाईंकडे जाऊन सगळं सांगून आले. बाईंनी ऐकून घेतलं आणि आईंसाठी घरच्या जॅमची बाटली दिली. ती बाटली काकांनी कधी उघडू दिली नाही.

वसंतात आई आल्या. आल्या आल्या विचारलं, "कोणाच्या पुण्याईने आले रे मी?" काकांनी खासदारांचं नाव सांगितलं, खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून आई मोठ्याने म्हणायच्या, "त्या बाबाला सुखी ठेव. दर खेपेला निवडून आण."

तिथे खासदारकी दोनच वर्षांची; पुढच्या निवडणुकीत काका पुन्हा मार्गारेटबाईंसाठी याद्या घेऊन हिंडू लागले, पण दिवेलागणीला न चुकता घरी येत. आम्ही ओहायोला जायला निघालो, तेव्हा मी निरोप घ्यायला गेले तर आई देवापुढे होत्या आणि मागे काका हात जोडून उभे होते. आईंनी खासदारांचा विजय मागितला. काकांनी डोळे मिटून घेतले. मी बाहेर येऊन उभी राहिले.

ते मागोमाग आले. मी विचारलं, "काका, अशा वेळी तुम्ही काय मागता?"

"मी काय मागणार?" ते म्हणाले. "तिचं मागून होईपर्यंत उभा राहतो."