बांगड्या वर सारणारा हात

उत्तरेतल्या त्या विद्यापीठात दीड वर्ष अभिनय शिकून काय मिळवलंत, असं कोणी विचारलं की मी सांगतो, पाण्याने भरलेल्या दोन बादल्या हातात धरून मैदानाला फेऱ्या मारता यायला लागल्या. लोक हसतात. म्हातारा गमतीशीर आहे म्हणतात. मी गंमत करत नसतो. नाट्यविभागाच्या मागच्या मैदानात रोज सकाळी वीस फेऱ्या मी मारल्या आहेत, आणि त्या कशासाठी मारल्या हे सांगायचं तर आधी माझ्या आईच्या हातांबद्दल सांगावं लागतं.

आमचं गाव पनवेलपासून तासाभराच्या वाटेवर, खाडीच्या काठाला. थोडी भातशेती आणि बाकी मिठागर. आईचं माहेर ओवे गावचं. तिथे डोंगराच्या अंगाला नुसती भातशेती, त्यामुळे मिठाचं पाणी तिच्या अंगाला लागलं ते लग्नानंतर, आणि ते तिला कधी मानवलं नाही. बांगड्यांखाली खारं पाणी साचायचं आणि मनगट सोलवटून निघायचं. म्हणून ती उजव्या हाताच्या तीन बोटांनी डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारायची. मिठागरात सारायचीच, पण भाकरी थापण्याआधी, कोणाशी बोलताना, देवळात नुसती उभी असतानाही तिचा तो हात चाललेला असायचा. बांगड्या खाली घसरायच्या, ती वर सारायची. तिची आणखी एक सवय होती. बसण्याआधी ती जमिनीवर तळहात दोनदा थोपटायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

देवीच्या जत्रेला आमच्या गावात दरवर्षी नाटक व्हायचं. बायका रंगमंचावर येत नसत, त्यांची कामं पोरं करत. बारा वर्षांचा असताना मला पहिल्यांदा लुगडं नेसवलं आणि पुढची सहा वर्षं मी गावाची राणी होतो. आता राणी कशी वागते हे मिठागरवाल्याच्या पोराला कुठून ठाऊक असणार? मला एकच बाई नीट ठाऊक होती. त्यामुळे आमची राणी सिंहासनावर बसण्याआधी सिंहासन दोनदा थोपटायची आणि प्रधानाशी बोलता बोलता बांगड्या वर सारायची. बायकांच्या बाजूने हशा उठायचा. "अगं, ही त त्याची आयस!" आणि सगळ्यांत जास्त हसायची ती आई, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मॅट्रिक झाल्यावर मी तिला म्हणालो, पनवेलच्या बाजारात फोटोवाला आहे, चल, तुझा एक फोटो काढू. ती म्हणाली, "फोटू कशाला? तू नाटकात करतंस ती मीच हाय ना? मग झालं." मलाही ते पटलं. अठरा वर्षांच्या पोराला काय, काहीही पटतं.

बापाने मात्र माझं एकही नाटक पाहिलं नाही. नाटक सुरू झालं की तो उठून मिठागराच्या बांधावर जाऊन बसायचा. दुसऱ्या दिवशी कामावरचे गडी त्याला विचारायचे, "काय, राणीसाहेब बऱ्या हायेत ना?" तो मीठ ओढत राहायचा. ते सगळं घरी आणायचा. जेवताना माझा हात चुकून मनगटाकडे गेला की ओरडायचा, "हात सरळ ठेव! बाय हायस का तू?" मारायचा नाही, पण त्याच्या नजरेला मी मारापेक्षा जास्त भ्यायचो.

पनवेलच्या शाळेतले आमचे मास्तर नाटकवेडे होते. उत्तरेत एका विद्यापीठात नाटकाचं शिक्षण देणारा विभाग निघाला आहे, हे त्यांनीच शोधून काढलं, अर्जही त्यांनीच भरला. बापाची परवानगी घ्यायला घरी आले तेव्हा मला वाटलं, आता घरात आदळआपट होणार. बापाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मास्तर, तिकडं याचं ते बायकी काडतील का?"

मास्तर म्हणाले, "तिकडे खऱ्या मुली कामं करतात. याला पुरुषाचीच कामं करावी लागणार."

"मग जाऊ दे," बाप म्हणाला.

तर असा मी नट व्हायला निघालो. पनवेलला तेव्हा रेल्वे आली नव्हती. बसने कल्याण गाठायचं आणि तिथून पुढे गाडीत दोन दिवस. आईने सुक्या जवळ्याची पुरचुंडी बांधून दिली होती. डब्यातल्या लोकांनी वासाची इतकी तक्रार केली की ती मला खिडकीबाहेर टाकावी लागली. टाकायला सुरुवात झाली ती तिथून.

पहिल्या दिवशी आमच्या अध्यापकांनी सगळ्यांना एक सोपं काम दिलं. दारातून आत या, खुर्चीपर्यंत चाला, बसा, नाव सांगा. मी चाललो. खुर्ची दोनदा थोपटली. बसलो. नाव सांगताना माझी तीन बोटं डाव्या मनगटावर गेली आणि तिथे नसलेल्या बांगड्या त्यांनी वर सारल्या. वर्गात हास्याचा स्फोट झाला. आमच्या जत्रेतल्यासारखं हसू नव्हतं ते. संध्याकाळपर्यंत साऱ्या वसतिगृहात माझं नाव 'बहूजी' झालं होतं.

अध्यापक हसले नाहीत. तो माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान आज शिव्या घालायला कोणी तरी मिळालं असतं. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि हिंदीत विचारलं, बेटा, हे कोणाचं शरीर घेऊन आला आहेस? मी म्हणालो, आईचं. ते म्हणाले, मग ते तिला परत कर. नटाचं शरीर कोरं असावं लागतं. दिवाळीआधी परीक्षा आहे. तोवर हे हात कोरे झाले तर तू इथे राहशील, नाही तर मला तुला घरी पाठवावं लागेल.

घरी पाठवणार! राणीसाहेब तीन महिन्यांत परत आल्या, हे मिठागरावरच्या गड्यांनी बापाला कसं विचारलं असतं ते मला ऐकू येत होतं. मी ठरवलं, हात कोरे करायचे.

बादल्या तेव्हा सुरू झाल्या. हातात वजन असलं की हात दुसरीकडे जाऊ शकत नाहीत, हा अध्यापकांचा साधा हिशेब. दिवसा मी मनगटाला वाळूच्या पिशव्या बांधून वर्गात बसायचो. उरलेल्या वेळासाठी मी स्वतःच एक उपाय काढला. माझ्या खोलीत एक सज्जन, अभ्यासू मुलगा राहायचा. त्याला मी लाकडी पट्टी दिली आणि सांगितलं, माझा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला की मार. तो इमानदार निघाला. पुस्तकातून डोकं वर न काढता मारायचा. माझी बोटं सुजून वांग्यासारखी व्हायची आणि मी त्याला धन्यवाद द्यायचो. खरंच द्यायचो. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

दसऱ्याच्या सुमारास हात थांबला. एकदम नाही, पण एके दिवशी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून पट्टी बसलेली नाही. थोपटणंही गेलं. परीक्षेत मी दारातून आत आलो, चाललो, बसलो आणि कोणीही हसलं नाही. अध्यापकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला इतका आनंद झाला की मी मास्तरांना पत्र लिहिलं आणि बापाला वाचून दाखवायला सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा बाप बस थांब्यावर घ्यायला आला होता. उभ्या आयुष्यात तो मला घ्यायला कधी कुठे आला नव्हता. पनवेलच्या बाजारातून त्याने मला मुद्दाम लांबच्या वाटेने नेलं, ओळखीच्या प्रत्येक दुकानापाशी थांबत. माझ्या हातांकडे तो चोरून पाहायचा. जेवताना मला म्हणाला, "मासली घे अजून."

आई समोर बसून मला न्याहाळत होती. शेवटी म्हणाली, "पावन्यासारखा बसतंस रे."

जत्रा आठ दिवसांवर होती. गावातले लोक विचारायला आले, राणी करशील ना? मी काही बोलण्याआधीच बाप म्हणाला, "तो आता तसली कामं नाय करत." ते तो छाती फुगवून म्हणाला. मीही मान हलवली. लोक गेल्यावर आई चुलीपाशी उकिडवी बसली होती तिथून म्हणाली, "म्हंजे या साली जत्रंला मी नाय?"

ती हसत म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. त्या वर्षीची राणी एका दुसऱ्या पोराने केली. तो साडीत अडखळून पडला तेव्हा लोक पोट धरून हसले. आई हसली की नाही ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी मला राजाचं काम मिळालं. मार्गशीर्षात एका दुपारी तालीम चालू असताना पोस्टकार्ड आलं. मास्तरांचं अक्षर. आईला ताप आला होता, चौथ्या दिवशी गेली. तुला कळवूनही वेळेत पोचता आलं नसतं, म्हणून सगळं उरकून घेतलं. कार्ड पोचायलाच आठवडा गेला होता. मी ते खिशात ठेवलं आणि राहिलेला प्रवेश पुरा केला, हात अगदी जागच्या जागी ठेवून. अध्यापकांना मागाहून कळलं तेव्हा ते म्हणाले, आज तू नट झालास. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी वाकून नमस्कार केला.

घरी पोचलो तो बाराव्या दिवशी. तेरावं झालं, पावणे पांगले. त्यानंतरच्या दिवशी दुपारी घरात बाप आणि मी दोघेच होतो. बाप उठला, त्याने पेटी उघडली आणि आईचं हिरवं लुगडं माझ्यासमोर आणून ठेवलं. वर तिच्या उतरवून ठेवलेल्या चार बांगड्या.

"एकदा नेस," तो म्हणाला.

मला वाटलं, दुःखाने त्याचं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बाबा, कशाला?" आमच्यात आईबापाला अरे-तुरे करतात. "तूच सांगायचास ना, तसलं करू नको."

"फोटू नाय तिचा," तो म्हणाला. "सगली म्हनायची तू डिट्टो तिच्यावानी करतंस. मी काय कदी बगितला नाय. एकदा कर. बोलू नको काय. निस्ता चुलीपाशी बस."

मी नेसलो. नेसता मला उत्तम येतं, ते कोणी काढून घेतलं नव्हतं. बांगड्या चढवताना दोन फुटल्या, माझे हात आता मोठे झाले होते. बाप भिंतीला टेकून बसला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी चुलीपाशी आलो. जमीन दोनदा थोपटली. बसलो. मग उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर नेली आणि बांगड्या कोपराकडे सारल्या.

सगळं बरोबर केलं होतं. किती बोटं, कुठून कुठवर, कुठल्या क्षणी. वर्गात केलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. पण माझं मलाच कळत होतं की मी आठवून करतो आहे. आधी तो हात आपणहून जायचा, आता मी त्याला पाठवत होतो. मी पुन्हा केलं. आणखी एकदा केलं.

बाप बराच वेळ पाहत राहिला. मग वाटेवरच्या एखाद्या अनोळखी बाईबद्दल विचारावं तसं त्याने विचारलं, "ही कोन?"

मी बांगड्या काढायला लागलो.

"असा नाय रे," तो म्हणाला. त्याचा स्वर चढला नव्हता. "ती असा करायची." आणि त्याने आपला काळा, मिठाने चिरा पडलेला डावा हात पुढे धरला, आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या उघड्या मनगटावरून वर सरकली.

आई होती ती. क्षणभरच, पण तीच होती. तिचा कंटाळा, तिची घाई, मनगटाची आग, सगळं त्या हातात होतं. ज्याने माझी राणी एकदाही पाहिली नव्हती, त्याने तिच्याकडे वीस वर्षं पाहिलं होतं. माझ्या हातातून जे मी पट्टीने झोडपून काढलं, ते त्याच्या हातात त्याच्या नकळत येऊन राहिलं होतं.

"बाबा, परत कर," मी म्हणालो. "एकदाच. मला बघू दे."

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. आपण काय केलं ते तेव्हा त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो कानापर्यंत लाल झाला. हात धोतराला पुसून तो उठला आणि म्हशीला पानी दावायचं हाय म्हणत बाहेर गेला. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. मी विद्यापीठात परत गेलो नाही, त्याच्याबरोबर मिठागरावर राबलो, आणि त्या अकरा वर्षांत त्याच्या हातांवर नजर ठेवून होतो. त्याने ते पुन्हा कधी केलं नाही.