पलीकडे नेलं म्हणायचं नाही

तराजू सर वही हातात आली की आधी ती वाचायचे नाहीत. हातभर लांब धरायचे आणि एक डोळा मिटायचे. गवंडी भिंत सरळ आहे का बघतो, तसं. पानावरची बरोबरची चिन्हं एकाखाली एक नीट उतरलेली दिसली, तरच दुसरा डोळा उघडायचा आणि गणित तपासलं जायचं. एखादं चिन्ह उजवीकडे सरकलेलं असलं की वही परत. "बांध वाकडा गेला," एवढंच म्हणायचे. वर्गातली निम्मी मुलं धानाच्या बांधांवरून चालत शाळेत येणारी. त्यांना वाकड्या बांधाचा अर्थ सांगावा लागत नसे.

गोंदियाच्या आमच्या हायस्कुलात ते बीजगणित शिकवायचे. मूळचे बालाघाटकडचे. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायचे आणि ते त्यांच्या लक्षातही यायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठा तराजू काढला, एका पारड्यात क्ष बसवला आणि म्हणाले, "इधर जे केलं, ते उधर करायचं. सालभर मी एवढंच शिकवणार." नाव तिथेच पडलं. वर्ष सोपं जाणार, असंही आम्हाला तिथेच वाटलं.

मग त्यांनी वर्गाचे नियम सांगितले. याद्या करायची माझी खोड तेव्हाचीच असावी, कारण ते मला अजून पाठ आहेत. खोडरबर आणायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालची चूक वाचता आली पाहिजे. शेजाऱ्याचं उतरवायला हरकत नाही, पण ज्याचं उतरवलं त्यालाच ते फळ्याशी उभं राहून समजावून द्यायचं. हा नियम ऐकून उतरवणारे खूश झाले आणि आठवडाभरात सुधारले. रोवणीसाठी, म्हणजे धानाच्या लावणीसाठी, सुट्टी मागितली तर मंजूर, तापासाठी मागितली तर सर नाडी बघणार. झालं, शहरातल्या मुलांनीही अर्जात रोवणी लिहायला सुरुवात केली. एका गिरणीवाल्याच्या मुलाला सरांनी भर वर्गात विचारलं, "कुठं रोवलं बेटा? गिरणीच्या छपरावर?"

पण त्यांचा खरा राग एका वाक्यावर होता. सगळ्या जगात मुलं समीकरण सोडवताना म्हणतात, पाच पलीकडे नेले, चिन्ह बदललं. तराजू सरांच्या वर्गात हे म्हणायला बंदी होती. कोणी चुकून म्हणालंच तर सर खडू खाली ठेवायचे. "नेले? कशानं नेले? बैलगाडीनं? पाचाला पाय आहेत का?" मग त्या मुलाला पूर्ण वाक्य म्हणावं लागायचं, की दोन्ही बाजूंतून पाच वजा केले. "कोणी कुठं जात नाही. दोन्हीकडून सारखं कमी होतं, म्हणून काटा मधे राहतो. समझे?" आम्ही समझे म्हणायचो. मधल्या सुट्टीत एकमेकांचा डबा पळवताना मात्र आवर्जून ओरडायचो, तुझी पोळी पलीकडे नेली.

आणखी एक नियम होता, तो सगळ्यात विचित्र. उत्तर आलं की ते प्रश्नात घालून ताळा बघायचा. ताळा जमला नाही तर तसं खाली लिहायचं, आणि लिहिलं तर रीतीचे गुण मिळणार. ताळा न बघता चुकलेल्या उत्तराखाली दोन ठसठशीत रेघा मारल्या, तर शून्य. "चूक माफ आहे," सर म्हणायचे, "अकड माफ नाही." आणि शेवटचा नियम असा की सहामाहीत जो नापास होईल, त्याने बीजगणित सोडून साध्या गणिताच्या वर्गात जायचं. त्यात दयामाया नाही.

हा शेवटचा नियम माझ्या मानगुटीवर बसला, त्याला कारण माझे बाबा. आमची फुलचूरला धानाची शेती. मी बीजगणित घेतलं तेव्हा बाबांनी एका शब्दानेही हरकत घेतली नव्हती, उलट शेजाऱ्यांना सांगत फिरले होते. कारण त्यांना वाटलं होतं, बीजगणित म्हणजे बियाण्याचं गणित. एकरी किती बी टाकायचं, किती परे, म्हणजे रोपं, निघतील, असं काहीतरी पोरगी शिकून येईल. मला हे कळलं तेव्हा मी खुलासा करायच्या भानगडीत पडले नाही.

रोवणीत माझे बरेच दिवस बुडले, म्हणून एका रविवारी सर सायकलवर घरी आले. बाबांनी बाज टाकली, चहा सांगितला आणि सरळ विषयाला हात घातला.

"मास्तर, तीन महिने होऊन राहिले. पोरीच्या वहीत बियाचं काहीच नाही. नुसता क्ष हाय. हा क्ष कायले पाह्यजे?"

मी दाराआड होते. सर खोटं बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून जास्तच भीती वाटली. त्यांनी बशी खाली ठेवली.

"भाऊ, बी जमिनीत टाकल्यावर दिसतं का?"

"नाही दिसत."

"मग पाणी कशाला देता?"

"हाय म्हणून देतो न."

"क्ष तसाच आहे. दिसत नाही, पण आहे. खालच्या ओळीपर्यंत गेलं की उगवतो."

"आन नाही उगवला त?"

"तो समझो, पोरीनं मधली ओळ खाल्ली."

"मंग असं करू," बाबा म्हणाले. "सहामाहीले पाहू. उगवला त शिकू द्या. तुमच्या वर्गातून पोरगी निघाली, त मी शाळेतूनच काढतो. अर्धं शिकून का करन?"

सर आता माझी बाजू घेतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "मंजूर." आणि चहा संपवून निघून गेले. त्या रात्री मी त्यांच्याविषयी काय काय म्हणाले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सहामाहीचं शेवटचं गणित वयाचं होतं. बापाचं वय मुलाच्या चौपट, पाच वर्षांनी तिप्पट होणार, तर आजची वयं काढा. बाकीचा पेपर बेताचाच गेला होता. पास होणं या गणितावर आलं होतं. चिन्हं एकाखाली एक, रीत चोख, दोन्ही बाजूंतून सगळं वजा, आणि शेवटी क्ष बरोबर शून्य. म्हणजे मुलगा शून्य वर्षांचा. बाप त्याच्या चौपट, म्हणजे तोही शून्य. घंटा व्हायला आली होती. दोन रेघा माराव्यात आणि देवावर सोडावं, असं मनात आलं. पण सवय वाईट. मी खाली लिहिलं, "ताळा जमत नाही. बाप आणि मुलगा एकाच दिवशी जन्मू शकत नाहीत. चूक सापडली नाही."

पेपर मिळाला तेव्हा सरांनी वरच्या एका ओळीला गोल केला होता. कंसातल्या पाचाला मी तीनने गुणलं नव्हतं. शेजारी लिहिलं होतं, "चूक इथे होती." आणि खाली रीतीचे गुण. मी काठावर पास झाले.

घरी बाबांनी विचारलं, "उगवला का?"

"उगवला, पण शून्य." मी गणित वाचून दाखवलं.

"बापबी शून्य?" बाबा म्हणाले. "मास्तर माह्याबद्दलच लिवून राहिला का?" मग गुण कसे मिळाले ते त्यांनी दोनदा समजून घेतलं. "चुकलं म्हणून सांगतलं, त्याचे मार्क? असा मास्तर कोर्टात पाह्यजे होता." शाळेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

छप्पन सालच्या त्या दिवाळीच्या आसपास राज्यांच्या सीमा बदलल्या. बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि आम्ही मुंबई राज्यात आलो. सरांची म्हातारी आई तिकडे होती, त्यांनी तिकडची नोकरी पत्करली. आम्ही वर्गातले सगळे त्यांना पोचवायला छोट्या लाईनच्या फलाटावर गेलो. बाबाही आले होते, पंच्यात काहीतरी बांधून.

सर खिडकीशी बसले होते. बाबांनी पुरचुंडी आत दिली. "बियाचं धान हाय, मास्तर. हे दिसते." मग म्हणाले, "आता तुमी पलीकडे चालले."

आम्ही सगळ्यांनी एकदम सरांकडे पाहिलं. हातात खडू नव्हता, म्हणून त्यांनी पुरचुंडीच मांडीवर ठेवली.

"नाही भाऊ," ते म्हणाले. "पलीकडे कोणी जात नाही. दोन्हीकडून सारखं वजा होतं."

गाडी हलली. त्यांनी हात बाहेर काढला आणि मग बहुधा आम्ही ओळीत उभे आहोत का, ते एक डोळा मिटून पाहिलं.

फुलचूरच्या रस्त्याला लागल्यावर बाबांनी विचारलं, "तेनं का म्हटलं? वजा म्हंजे का होते?"

मी सांगितलं, की आपलं जेवढं कमी झालं, तेवढंच सरांचंही कमी झालं, असा त्याचा अर्थ.

"मंग बरोबर हाय," बाबा म्हणाले.