अक्काच्या डब्यांची तपासणी

जेवायला बसलो आणि अक्कानं वाढलेली शेंगाचटणी मी आधी हुंगली. चोरून हुंगली असा माझा समज. मान वर केली तर बायको आणि अक्का दोघी माझ्याकडंच बघत होत्या.

अक्का माझी थोरली बहीण, मैंदर्गीत दिलेली; तिला बघायला आम्ही तिच्या घरी आलो होतो. आतड्याच्या कॅन्सरचं तिचं ऑपरेशन सोलापुरात होऊन महिना झाला होता आणि त्या महिन्यात माझा पार फौजदार झाला होता. जन्मभर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. तंबाखूला कधी शिवली नाही. मग हे आलं कुठून? मी आधी तेलावर संशय घेतला, मग फ्लॉवरवर, मग भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यावर. शेवटी शेंगांवर येऊन थांबलो. बुरशी लागलेले दाणे टाकून द्या, असं डॉक्टर म्हणालेच होते की!

पाणी प्यायच्या निमित्तानं मघाशी तिचा दाण्यांचा डबाही उघडून पाहिला होता. एकही दाणा खराब नव्हता. त्यामुळं तर संशय जास्तच वाढला.

"जुन्या शेंगा कुठं ठेवतेस गं?"

अक्काचा भाकरी वाढणारा हात थांबला. "म्हंजे मीच खाऊन वढवून घेतलं म्हणतोस व्हय?" मग हळूच म्हणाली, "मीबी रोज आठवत बसते रं. काय खाल्लं आसंल मी आसं?"

 डॉक्टर पुढंही बोलले होते. बुरशीचा धोका मुख्यतः लिव्हरला, अक्काचं दुखणं आतड्याचं. खाण्यापिण्यानं धोका कमी-जास्त होतो, पण अमुक एका माणसाला अमुक घासानं झालं, असं कुणालाच सांगता येत नाही. हे सगळं मी तिला आता सांगितलं.

"कवा म्हणाले डॉक्टर हे?"

"घरी सोडलं त्या दिवशी."

"आन तू आज सांगतोस?" तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्या ताटात भाकरी टाकली. "खा गप. ताजी हाय चटणी."

दोनदा मागून खाल्ली.

परतताना सोलापूरजवळ अक्कलकोट रोडची एमआयडीसी लागली. गाडीवर मागं बसलेली बायको म्हणाली, "उद्यापासून रोज फोन करा अक्कांना. जेवलीस का, एवढंच विचारायचं. काय जेवलीस, ते विचारायचं नाही."