कुसुमचा शेला आणि वैनगंगेच्या सुरया

भंडाऱ्याहून पवनीला जायला तेव्हाही एस.टी. होती. आम्ही मात्र पायी निघालो, तेही नदीच्या पात्रातून. याचं सगळं श्रेय आणि सगळा दोष प्रभाकरचा. हा माझ्या थोरल्या भावाचा, मनोहरचा मित्र. शाळेत शिकवायचा, आणि कुठूनशी एक दुर्बीण हाती लागल्यापासून माणसांकडे बघणं त्यानं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. वैशाखात पवनीला आमच्या चुलत बहिणीचं, कुसुमचं लग्न निघालं. प्रभाकर म्हणाला, लग्नाला जायचंच आहे तर रेतीरेतीनं जाऊ, पाखरांचे अंडी घालायचे दिवस आहेत. आमच्यापैकी कुणीही समुद्र पाहिला नव्हता. उन्हाळ्यात उघडं पडलेलं वैनगंगेचं पात्र हाच आमचा समुद्रकिनारा. मी एका उडीत हो म्हटलं.

प्रभाकर, त्याची बायको सुनंदा, मनोहर आणि मी, असे चौघे ठरलो होतो. पाचवी म्हणजे आत्या, ती न विचारताच आली. "तुमी पाखरं पाहान, मंग शेल्याकडे कोन पाहीन?" तिचा प्रश्न रास्त होता. आमचं घर विणकरांचं. कुसुमनं मनोहरला बजावलं होतं की लग्नाची गाठ पडेल ती तुझ्या मागावरच्या शेल्यालाच, दुकानातला आणलास तर बोहल्यावर चढणार नाही. मनोहरनं सगळी कामं बाजूला सारून कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, शेला विणला. मधाच्या रंगाचं अंग आणि लालभडक काठ. तो झोळीत घालून त्यानं झोळी पोटाशी धरली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

पहिला दिवस नुसता हुंदडण्यात गेला. सकाळी नऊनंतर रेती अशी तापते की चपला असूनही माणूस आपोआप नाचायला लागतो. आम्ही एका ओल्या पट्ट्यावरून दुसऱ्या ओल्या पट्ट्याकडे धावत सुटायचो आणि आत्या लुगडं खोचून सगळ्यांच्या पुढे. पात्रात टरबुजांच्या वाड्या होत्या. एका वाडीवाल्यानं लग्नाचं कळल्यावर फोडून फोडून इतकी टरबुजं खाऊ घातली की दुपारी कुणाला चालवेना. संध्याकाळी काठावरच्या गावात सुनंदाच्या ओळखीच्यांकडे मुक्काम, गोवरीवर भाजलेले पानगे आणि वांग्याचं भरीत. खिशाला तोशीस अशी पडलीच नाही. प्रभाकर जेवतानासुद्धा टिटवीबद्दल बोलत होता.

दुसऱ्या दिवशी शेल्याचं काम होतं. आमच्या घरी नव्या कापडाची खळ वाहत्या वैनगंगेत उतरवल्याशिवाय ते नवरीच्या अंगावर घालत नाहीत, आणि वाळवायचं तेही नदीच्या रेतीवरच. पवनी दोन-तीन तासांवर राहिली तेव्हा आत्यानं जागा शोधायला घेतली. या काठावर गुरांची शेणं, पलीकडे माणसांचे पाय. शेवटी गुडघाभर पाणी ओलांडून ती मधल्या रेतीच्या बेटावर पोचली. तिथे एक पाऊल उमटलेलं नव्हतं. एवढी स्वच्छ जागा रिकामी का, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मनोहरनं शेला बुचकळला, पिळला आणि आम्ही चार टोकं धरून तो रेतीवर अलगद अंथरला.

त्याबरोबर आभाळ फाटल्यासारखा कलकलाट झाला. पिवळ्या चोचीच्या, काळ्या टोपीच्या सुरया, म्हणजे रेतीत अंडी घालणारी नदीवरची पाखरं, आमच्या डोक्यावर सूर मारू लागल्या. प्रभाकर आनंदानं वेडा झाला. दुर्बिणीची गरजच उरली नव्हती, पण त्यानं ती लावून धरली होती आणि त्यामुळे त्याला काहीच दिसत नव्हतं. एकीनं सुनंदाच्या अंबाड्यावर चोच मारली. मी हसून हसून खाली वाकले, तेव्हा माझी नजर शेल्यावर गेली. ओलं कापड रेतीला चिकटलं होतं आणि त्यात एके ठिकाणी दोन लहानसे उंचवटे दिसत होते.

मी काठ उचलला. खाली दोन अंडी होती, रेतीच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. मग सगळीकडेच दिसू लागली, उजवीकडे, डावीकडे, आत्याच्या टाचेपासून वीतभर अंतरावर. आम्ही जागच्या जागी थिजलो. अंड्यांवरचं टोक तेवढं दुमडलं आणि आपापल्या पावलांवर पाय ठेवत मागे सरून पाण्यात उभे राहिलो. थोड्या वेळानं सुरई उतरली, अंड्यांवर पंख पसरून बसली, आणि तिचं शेपूट शेल्याच्या लाल काठावर टेकलं.

"आता शेला कसा आनाचा?" मनोहर म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

प्रभाकरनं सांगितलं की आता हिला उठवलं तर या उन्हात अंडी शिजतील. आत्या म्हणाली की रात्री हळद आहे, पोरगी वाट पाहून राहिली. दोघंही मनोहरकडे बघू लागले. वारा सुटला होता, शेल्याचं मोकळं टोक फडफडत होतं. तो उडून धारेला लागला असता तर संपलंच होतं. मनोहरनं त्या टोकाकडे पाहिलं, मग सुरईकडे.

"बसू दे तिले," तो शेवटी म्हणाला. "ऊन उतरू दे."

आम्ही पाण्यात पाय बुडवून, डोक्यावर पदर आणि टॉवेल घेऊन बसलो. वारा आला की पाचही जण श्वास धरायचो. ऊन कललं तेव्हा मनोहर पोटावर सरपटत निघाला. लग्नाला घालायचा सदरा त्यानं आधीच अंगात घातला होता, त्याची काय अवस्था झाली ते विचारू नका. त्यानं शेला वीतवीत ओढत गोळा केला. शेवटच्या क्षणी सुरई उठली, किंचाळली आणि जाता जाता तिनं आहेर केला. थोडा मनोहरच्या डोक्यावर, बाकीचा लाल काठावर.

आम्ही पवनीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तिथल्या नळावर धुऊनही काठावर फिकट ठिपका राहिला. नव्या कापडावर डाग म्हणून काकू, कुसुमची आई, कपाळ धरून बसली, दुसरा शेला आणायला माणूसही निघाला. हळद लागलेली कुसुम ठिपक्यावर बोट ठेवून आमची सगळी कहाणी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "पिल्लं निघतीन ना?" प्रभाकर हो म्हणाला. "मंग मले हाच पायजे." सकाळी त्याच शेल्याची गाठ पडली.

आम्ही एस.टी.नं भंडाऱ्याला परतलो, पाय सोललेले, नाकं काळी पडलेली, आणि महिनाभर दुसरं काही बोललो नाही. तुम्हाला ही वाट चालायची असेल तर सांगते, ती आता नाही. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं आणि ते बेट, त्या वाड्या, सगळं खाली गेलं. मनोहरही नाही. पवनीपर्यंत रस्ता चांगला आहे, जा, पण चपला काढून नाचायला रेती मिळणार नाही.

मागच्या वर्षी कुसुमच्या नातीचं लग्न ठरलं. तिनं आजीचा शेला मागितला आणि आधी तो ठिपका दुकानात देऊन काढून आणते म्हणाली. कुसुमनं शेला तिच्या हातातून काढून घेतला.

"काढू नोको," ती म्हणाली. "आपल्या नदीचं येवढंच राह्यलं आहे."