तराफ्याच्या वाटेवरची हजेरी

पाण्यावर जाणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. एक सांगायला घेतला की शेजारचा म्हणतो, "बाई, ते यासीनभाईंचं सांगा की!" मग चहा गार होतो, घरून फोन येतात, आणि आमचं अजून चालूच! ऐकणारे पोट धरून हसतात. हसू देत. त्या त्या वेळी आमची कशी पाचावर धारण बसली होती, ते आमचं आम्हाला ठाऊक.

मी सांगलीत शाळेत पी.टी. शिकवायची. रिटायर झाले, पण शिट्टी गळ्यातच राहिली. आमचा कयाकचा, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या होडीचा, ग्रुप पाच जणांचा. एक मी. दुसरे रहिमतपूरचे बापू, फौजेतून हवालदार होऊन आलेले, आता ऊस करतात. तिसरे यासीनभाई, सांगलीत त्यांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. आणि जितू न् संभा, दोघं माझेच जुने विद्यार्थी. बायकापोरांचे धनी झालेत, पण मी दिसले की अजून हातातली तंबाखू लपवतात! आठवडाभर कृष्णेत सराव करायचा, शनिवारी बापूंकडं मुक्काम, आणि रविवारी पहाटे सातारा, कास करत खाली कोयनेच्या जलाशयावर.

ते पाणी दिसायला शांत. रविवारी मात्र तिथं एस.टी. स्टँडची गर्दी! पर्यटकांच्या लाँच, गावकऱ्यांच्या होड्या, आणि जीपा-मोटारसायकली या काठावरून त्या काठावर नेणारा भला थोरला लोखंडी तराफा. त्यांच्यामधनं आमच्या या चिंचोळ्या, प्लास्टिकच्या कयाक. म्हणून माझं एकच म्हणणं असायचं. पाच गेले तर पाच परत आले पाहिजेत. मजा-बिजा त्यानंतर.

*

सुरुवात जाकिटापासून. बापू लाइफ जॅकेट घालायलाच तयार नाहीत!

"बाई, पुरातनं पवत जाऊन बैलं आणल्यात म्या. मला जाकीट?"

"बापू, फौजेत हेल्मेट घालत होतात का नव्हतात?"

"घालत हुतो की."

"का? गोळी लागणारच हे ठाऊक होतं?"

"तसं न्हाई..."

"मग जाकिटाला काय धाड भरलीय?"

बापूंनी जाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग हळूच म्हणाले, "हेल्मेट हिरवं हुतं, बाई. ह्ये केशरी हाय. आमच्या हितलं कुणी बघितलं तर म्हणंल, हवालदार रस्त्याच्या कामावर लागला!"

मी म्हटलं, जाकीट नाही तर पाणी नाही. त्या दिवशी बापू फुगून काठावरच बसले. पुढच्या रविवारी आले ते चांगले गुबगुबीत दिसत होते. जवळ जाऊन बघते तर काय, जाकीट घातलं होतं, पण त्याच्यावरून त्यांच्या बायकोनं, आमच्या काकींनी, विणलेला स्वेटर! लोकरीचा! भिजला असता तर बापूंना घेऊनच खाली गेला असता. मी तो स्वेटर तिथंच ओढून काढला. डोक्यात अडकला तेव्हा आतनं ओरडले, "आवं बाई, माणसं बघत्यात!"

*

कयाकमध्ये सगळ्यात आधी काय शिकायचं, तर बुडायला. म्हणजे कयाक मुद्दाम उलटी करायची आणि डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत न घाबरता अंग सोडवून बाहेर यायचं. हे जमल्याशिवाय मी कुणाला कोयनेवर नेत नाही.

यासीनभाईंची ही प्रॅक्टिस आम्ही सांगलीत घाटावर ठेवली. चूक झाली! सांगलीच्या घाटावर सकाळी पोहणाऱ्यांची ही गर्दी, आणि एकेक गडी असा की पाण्यात कुणी पडलं तर याचा हात आधी शिवशिवतो. यासीनभाईंनी कयाक उलटी केली मात्र, घाटावरनं ओरडा झाला, "आरं, माणूस गेला!" धडाधड उड्या पडल्या. एकानं पाय धरले, दुसऱ्यानं केस, आणि तिसरा उलट्या कयाकवर चढून बसला. वरनं दम देतोय, "धरा, धरा, सोडू नगा!"

आणि यासीनभाई खाली! मी शिट्टी फुंकतेय, त्या पोहणाऱ्यांना वाटतंय बाई चिअर करतायत. आतनं कयाकला हात आपटल्याचा आवाज येत होता, तो हळू हळू कमी झाला. मी ट्रॅकपँटसकट उडी मारली आणि वर बसलेल्याच्या कानाखाली अशी वाजवली, की तो आपोआप पाण्यात!

यासीनभाई वर आले, ओठ काळेनिळे, खोकून खोकून बेजार. जरा श्वास आल्यावर म्हणाले, "बाई, मला बुडायला येतंय आता. ह्या लोकांना आधी वाचवायला शिकवा!"

*

जितूचं वेगळंच. कोयनेवर पहिल्याच महिन्यात तो लाँचच्या वाटेत उलटला. शिकवल्याप्रमाणं बाहेर आला, कयाक धरली आणि वल्हं उभं धरून वर केलं. म्हणजे, मी अडचणीत आहे, मदत करा. सगळ्या जगात हेच करतात.

समोरनं पर्यटकांची लाँच येत होती. पण आपल्याकडं कुणी हात वर केला की समोरचा रामराम घालणारच! लाँचमधली सगळी माणसं उठून उभी राहिली आणि हात हलवायला लागली. पोरांनी शिट्ट्या काय मारल्या, एकजण "वन्स मोअर!" काय ओरडला. लाँचवालाही मागं तोंड करून हसतोय आणि लाँच सरळ जितूच्या अंगावर.

मी तीन लांब शिट्ट्या दिल्या. पुन्हा तीन. पुन्हा तीन. शेवटी त्यानं पुढं बघितलं आणि इंजिन बंद केलं. लाँचचा पाण्यातला पंखा थांबला तेव्हा जितूचे पाय तिथनं फार लांब नव्हते.

काठावर आल्यावर त्यानं आधी दोन्ही पाय चाचपून बघितले. नंतर म्हणाला, "बाई, मी हितं मरायला टेकलो हुतो, आन त्या लाँचमधली एक म्हातारी मला इचारती, 'जेवलास का रं?'"

त्या दिवसापासून प्रत्येकाच्या जाकिटाला एक एक शिट्टी बांधली.

*

पण खरी भीती तराफ्याची. लाँच निदान वळते तरी. तराफा वळत नाही, थांबत नाही, आणि जवळ येईपर्यंत कळतही नाही किती वेगात आहे ते.

एकदा यासीनभाई निवांत त्याच्या पुढ्यातनं निघाले. तराफ्यानं हॉर्न दिला. आम्ही मागनं बोंबलतोय, "फिरा मागं! फिरा!" तर म्हणाले, "हॉर्न मारलाय की त्यानं. म्हंजी बघितलंय मला!"

बापूंनी शिवी हासडली म्हणून ते दचकून मागं सरले, आणि जिथं होते तिथनं ते लोखंडी तोंड गेलं. लाटेनं यासीनभाईंची कयाक काठाला आणून आपटली.

मी तावातावानं धक्क्यावर गेले भांडायला. तराफेवाला म्हणाला, "बाई, वर तरी या." वर गेले. पुढं तीन जीपा उभ्या, टपावर पोती. संभाला खाली कयाक घेऊन समोर उभं राहायला सांगितलं. मला जीपांच्या टपाशिवाय काही दिसेना! संभा नाही, कयाक नाही, पाणीसुद्धा नाही.

"अहो, मग तुम्ही हॉर्न कुणाला मारला?"

"कुणाला न्हाई," तो म्हणाला. "सवय हाय!"

परत येताना बापू म्हणाले, "उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की आपुन काय करतो? रस्ता सोडतो. कायदा इचारत बसत न्हाई. ह्यो तसलाच हाय." तेव्हापासून नियम झाला. तराफा पलीकडं लागलाय हे बघायचं, मग सगळ्यांनी एका घोळक्यात सरळ पार व्हायचं, मध्ये थांबायचं नाही. आणि पार झालं की मी हजेरी घेणार. मोठमोठी माणसं पाण्यावर "हजर बाई!" म्हणतात, त्याला लोक हसतात. हसू देत!

*

संभाच्या बायकोचा एक छोटासा किस्सा. एका शनिवारी त्याला न्यायला गाडी दारात उभी केली, तर ती बाहेर आली. कडेवर लेक. मला म्हणाली, "बाई, घिऊन जाताय तसं आणा ह्यास्नी. वलं चालंल. आख्खं आणा!"

आम्ही सगळे हसलो. ती नाही हसली.

*

आता हिवाळ्यातला तो रविवार.

धुक्यात निघायचं नाही, हा माझाच नियम. त्या दिवशी धुकं चांगलं वर गेलं, समोरचा काठ लख्ख दिसला, तराफा पलीकडच्या धक्क्याला लागलेला दिसला, तेव्हाच निघालो. अर्ध्यावर आलो आणि बघता बघता धुकं परत खाली उतरलं. हाताएवढ्या अंतरावरचं दिसेना. मी ओरडले, "थांबू नका! माझ्या आवाजावर या!" वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता.

तराफ्याची वाट ओलांडल्याची खात्री झाल्यावर हजेरी घेतली.

"बापू?"

"हजर!"

"यासीनभाई?"

"हजर, बाई."

"जितू?"

"हजर!"

"संभा?"

जरा थांबून आलं, "हजर!"

जिवात जीव आला. तराफ्याच्या धक्क्यापासून बरंच लांब, चिखलातल्या एका खोबणीत आम्ही काठाला लागलो. कयाक ओढून वर घेतल्या. माझी, बापूंची, यासीनभाईंची, जितूची.

"संभा कुठाय?"

जितूचं तोंड पांढरंफटक.

"बाई, त्यो मागं हाय. वल्हं निसटलं त्याचं. म्हणला, हातानं पाणी मारत घिऊन येतो, दोन मिंटात. बाईला सांगू नगं, लय वरडत्यात."

"मग हजर कोण म्हणालं?"

जितूनं मान खाली घातली. "मीच, बाई. शाळंत बी मीच म्हणायचो."

या दोघांचे आवाज इतके सारखे, की फोनवर त्यांच्या बायकासुद्धा फसतात.

"मागं म्हणजे कुठं?"

"मधीच. वाटंवर."

आणि तेवढ्यात धुक्यातनं तराफ्याचा हॉर्न झाला. इंजिन सुरू झालं.

बापू कयाककडं धावले. मी त्यांचं जाकीट मागनं धरलं. "कुणी हलायचं नाही! एक हरवलाय, मला दोन हरवायचे नाहीत!"

"बाई, पोरगं हाय आपलं!" बापू माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते.

"माहीत आहे मला!"

फोनला रेंज नाही. मी शिट्टी फुंकायला लागले. "त्याला म्हणावं, शिट्टी मार, शिट्टी मार!" यासीनभाई ओरडले. जितू रडत म्हणाला, "शिट्टी न्हाई त्याच्याकडं. पोरीनं खेळाय घेतली, ती घरीच ऱ्हायली." यासीनभाई जेवणाचा स्टीलचा डबा दगडावर आपटायला लागले. बापू "संभा!" म्हणून हाका मारत होते. आम्ही सगळे मिळून जेवढा आवाज करत होतो, तेवढा तो तराफा एकटा गिळत होता. आवाज वाढत गेला, अगदी समोर आला, दिसलं काहीच नाही, आणि तसाच तो पुढं गेला.

मग त्याची लाट काठाला आली. लाटेबरोबर एक वल्हं आलं. दांड्याला लाल टेप. यासीनभाईंनीच दुकानातली टेप आणून गुंडाळली होती, संभाला ओळखू यावं म्हणून.

बापूंनी ते उचललं आणि नुसतेच धरून उभे राहिले. यासीनभाईंचे ओठ हलत होते. जितू चिखलात बसला, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून. मला कडेवर लेक घेऊन दारात उभी राहिलेली संभाची बायको आठवली. देवा, काय सांगू मी तिला!

शिट्टी फुंकायला दम उरला नव्हता. काय करावं सुचेना, तेव्हा जन्मभर जे केलं तेच केलं.

"बापू?"

"हजर."

"यासीनभाई?"

"हजर, बाई."

"जितू?"

तो काही बोलला नाही.

"संभा?"

पाणी काठाला लागत होतं, तेवढाच आवाज.

"संभा!"

"हजर, बाई."

माझं टाळकंच फिरलं. अशा वेळीसुद्धा! मी गर्रकन वळले, जितूवर हात उगारला. "जित्या, अजून? अजून तुझं तेच?"

जितू पाण्याकडं बघत होता. हात तसेच तोंडावर. ते त्यानं हळूच खाली घेतले.

"बाई," तो म्हणाला, "म्या न्हाई बोललो."