कोपरापर्यंत पाणी

नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी लग्न होऊन मी निमगाव केतकीजवळच्या वस्तीवर आले, तेव्हा सासऱ्यांकडे मेंढरं उरली नव्हती, मासे होते. चराऊ रानं उसाखाली गेली, गवत राहिलं नाही, म्हणून कळप विकला, असं ते येईल त्याला सांगत. पाणी पाजून पाजून खारावलेल्या, चोपण झालेल्या तुकड्यात त्यांनी तळं खोदलं होतं.

तळ्यात शेण पडलं की पाणी हिरवं होतं आणि त्यावर मासे पोसतात. जास्त झालं तर पाणी कुजतं, मासे गुदमरतात आणि घाण ओढ्यानं खालच्या वस्तीच्या विहिरीकडे जाते. मत्स्य खात्याच्या साहेबांनी सोपी खूण सांगितली होती. हात कोपरापर्यंत बुडवायचा. तळवा दिसला तर शेण टाकायचं, नाही दिसला तर थांबायचं. सासरे रोज सकाळी आंघोळीआधी काठावर वाकत, हात घालत आणि म्हणत, "न्हाय दिसत. आज शेण न्हाय."

असे दोन महिने गेले. उकिरडा छपराला लागला, मासे बोटाएवढेच राहिले. बगळासुद्धा दुसरीकडे जेवायला जाऊ लागला.

एकदा ते बाजारला गेले असताना मी हात घालून बघितला. तळवा तर दिसलाच, बोटावरचा तव्याचा चटकाही दिसला. नव्या सुनेनं हे कसं सांगायचं, म्हणून तीन दिवस गप्प बसले. चौथ्या सकाळी ते काठावर वाकले, तेव्हा मी जाऊन म्हणाले, "मामा, मला तळवा दिसतोय."

"तुजा हात आखूड हाय."

मी दंडापर्यंत हात घातला. झंपराची बाही भिजली. "आता बी दिसतोय."

त्यांनी आपला हात धोतराला पुसला. मग हळू म्हणाले, "कळप इकला तवा गवत व्हतं, पोरी. लांबनं मेंढरू कुठलं न् दगूड कुठला, मलाच कळंना."

मला फार वाईट वाटलं. मी पाटीत शेण भरायला लागले.

"घरात बोलू नगंस," ते म्हणाले.

"काय बोलायचं? गवतच न्हवतं म्हणून इकली की मेंढरं."

"व्हय," ते म्हणाले, आणि पाटीला हात लावला.